हॉगार्थ, विल्यम

(१० नोव्हेंबर १६९७ – २६ ऑक्टोबर १७६४). इंग्रज उपरोधप्रधान चित्रकार व उत्कीर्णक. जन्म लंडन येथे. शिक्षक असलेल्या वडिलांना कर्जापायी तुरुंगवास घडला. चांदीवर नक्षी कोरणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी केल्यावर १७२० च्या सुमारास त्याने स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. १७२९ मध्ये चित्रकार जेम्स थॉर्नहिल यांची कन्या जेन हिच्याशी त्याचा विवाह झाला.

‘अ हार्लट्स प्रोग्रेस’, ‘अ रेक्स प्रोग्रेस’ व ‘मॅरेज आ-ला-मोड’ या चित्रमालिकांतून त्याने नाट्यप्रवेशांप्रमाणे कथा रंगवून समाजातील दंभ, उधळपट्टी व पैशासाठी जुळवलेले विवाह यांवर कोरडे ओढले. ‘जिन लेन’ (१७५१) या मुद्राचित्रात दारूच्या नशेत हसणाऱ्या आईच्या हातून तान्हे मूल कठड्यावरून खाली कोसळताना दिसते. चित्रांच्या चोरट्या नकलांविरुद्ध त्याने केलेल्या खटपटीमुळे १७३५ मध्ये उत्कीर्णकांना चौदा वर्षांचा स्वामित्वहक्क देणारा कायदा झाला. ‘द अनॅलिसिस ऑफ ब्यूटी’ (१७५३) या ग्रंथात त्याने नागमोडी रेषेला सौंदर्याचे मूलतत्त्व मानले. १७५७ मध्ये तो राजचित्रकार झाला. लंडन येथे त्याचे निधन झाले. चिझिक येथे त्याची समाधी आहे.