हाकेला ओ देणारें यंत्र

दूरध्वनीचा धर्म एकच : कोणींहि हाक मारावी आणि त्याला ओ मिळावी. हाक मारणारा कोण, हें ओळखण्यापूर्वीं यंत्राला ती ऐकून घ्यावी लागते. दूरध्वनीचें सामर्थ्य यांतच आहे आणि त्याचें मर्मस्थानहि हेंच.

कोपनहेगन टेलिफोन कंपनींत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग या डॅनिश गणितज्ञानें १९०९ सालीं या हाकांचें गणित मांडलें. किती मार्ग ठेवले असतां किती हाका परत फिरतील, याचें सूत्र त्यानें १९१७ सालीं दिलें. त्याच्या मुळाशीं एक गृहीत होतें : माणसें आपापल्या कामासाठीं, एकमेकांस न विचारतां बोलावयास येतात.

पुढें आवाजाचे तुकडे करून ते संगणकांच्या जाळ्यांतून पाठविण्याची विद्या आली. बोलणें जुळवून देणारी ‘सिप’ नांवाची नियमावली १९९९ सालीं प्रसिद्ध झाली. २००२ सालीं ती सुधारण्यांत आली. तिच्यांत हाक म्हणजे एक लेखी निमंत्रण असतें. तें वाचल्यावांचून कळत नाहीं, आणि वाचणारी आज्ञावली भोळी असली तर वाचतांनाच कोलमडते. फिनलंडमधील औलू विद्यापीठाच्या संशोधकांनीं अशीं वेडींवांकडीं निमंत्रणें मुद्दाम हजारोंनीं रचून पाहिलीं. फेब्रुवारी २००३ मध्यें अमेरिकेंतील ‘सर्ट’ या संस्थेनें जगाला सावध केलें : अनेक कंपन्यांचीं यंत्रें अशा निमंत्रणांनीं बंद पडूं शकत होतीं. एका विकृत पत्रानें साऱ्या कचेरीची वाचा बसावी, तसाच हा प्रकार.

परंतु यासाठीं शत्रूच हवा असें नाहीं. ऑगस्ट २००७ मध्यें विंडोजच्या नेहमींच्या दुरुस्तीनंतर जगभरचे असंख्य संगणक थोडक्या अवधींत पुन्हां सुरू झाले आणि ‘स्काइप’च्या दारावर एकदम थाप पडली. जाळ्यानें आपणहून सांवरावें अशी योजना होती. पण तिच्या आज्ञावलींत दडलेला दोष त्या वेळीं उघडा पडला. लाखों लोकांचें बोलणें सुमारें दोन दिवस खुंटलें. हा कोणाचा हल्ला नव्हता, असें कंपनीनें स्पष्ट केलें. एर्लांगचें गृहीत येथें मोडलें : माणसें स्वतंत्र होतीं, त्यांचीं यंत्रें नव्हतीं.

आतां सावध कारागीर निमंत्रण उघडण्यापूर्वीं त्याची लांबी तपासतात आणि एकाच ठिकाणाहून येणाऱ्या हाकांना मर्यादा घालतात. तरी दार अगदींच लावून घेतां येत नाहीं. कारण अनोळखी हाकांत एखादी आगीच्या बंबासाठीं वा डॉक्टरसाठीं मारलेली असते. तिची वाट मोकळी राहावी, एवढ्यासाठींच हा सारा पहारा.