झिरपणारी विद्या आणि दोन शाळा

दर वर्षीं पावसाळ्याच्या तोंडीं नवा वर्ग समोर येतो, आणि पहिल्या आठवड्यांतच एक गोष्ट अध्यापकाच्या नजरेस पडते. कोणीं न सांगतां वर्ग दोन भागांत वांटून बसलेला असतो. शहरांतील नांवाजलेल्या इंग्रजी शाळांतून आलेलीं मुलें पुढें. जिल्हा परिषदेच्या व नगरपालिकेच्या मराठी शाळांतून आलेलीं मागें, भिंतीच्या कडेनें. प्रश्न टाकला कीं उत्तर पुढून येतें. मागच्यांना तें ठाऊक नसतें असें मुळींच नाहीं. वर्षअखेर उत्तरपत्रिका वाचतांना तें स्पष्ट दिसतें. पण चारचौघांत उत्तर देण्याचा अधिकार आपला नव्हे, हा एक धडा त्यांनीं शाळेंतच पाठ केलेला असतो. पुढचीं मुलें स्वभावानें वाईट असतात असेंही नाहीं. आपण पुढें आलों तें केवळ आपल्या हुशारीमुळें, एवढीच त्यांची भाबडी समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे हें पाहावयाचें, तर महाराष्ट्रांतील शिक्षणाच्या इतिहासांत दोनशें वर्षें मागें जावें लागतें.

पेशवाई १८१८ सालीं बुडाली, व पुढच्याच वर्षीं मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा मुंबईचा गव्हर्नर झाला. १८२१ सालीं पुण्याच्या विश्रामबाग वाड्यांत दक्षिणेच्या निधींतून संस्कृत पाठशाळा निघाली, आणि १८२३ च्या डिसेंबरांत एल्फिन्स्टननें शिक्षणावरील आपलें प्रसिद्ध टिपण लिहिलें. हा गृहस्थ कोत्या मनाचा नव्हता. गांवोगांवच्या शाळा सुधाराव्या, त्यांची संख्या वाढवावी, देशी भाषांत उपयुक्त पुस्तकें छापावीं, अशा सूचना त्या टिपणांत आहेत. परंतु त्याच टिपणांत दुसरीही एक गोष्ट आहे. समाजानें अगदीं खालच्या ठरविलेल्या जातींचे विद्यार्थी सर्वांत चांगले शिकतात असा मिशनऱ्यांचा अनुभव असल्याचें तो नमूद करतो; आणि लागलीच बजावतो कीं, त्यांना विशेष उत्तेजन देतांना फार जपलें पाहिजे. शिक्षणाचें मूळ प्रथम त्यांच्यांत रुजलें, तर इतर वर्ग त्याकडे पाठ फिरवतील आणि तें पुढें पसरणार नाहीं, ही त्याची भीति. म्हणजे या मुलांना बुद्धि आहे कीं नाहीं, हा प्रश्न १८२३ सालींच निकालांत निघाला होता. त्यांना मागें ठेवण्याचें कारण धोरणाचें होतें.

गव्हर्नरच्या कौन्सिलांतील फ्रान्सिस वॉर्डन याचें मत तर याहून सरळ होतें. पुष्कळांना थोडें शिकविण्यापेक्षां थोड्यांना पुष्कळ शिकवावें, हें बरें व निर्धोक, असें तो म्हणे. हे थोडे एकदां शहाणे झाले कीं त्यांच्यापासून विद्या आपोआप खालीं झिरपत जाईल, असा पुढें एक सिद्धान्तच बनला. त्या काळची अडचण लक्षांत घेतां ही निव्वळ लबाडी होती असें म्हणणें अन्यायाचें होईल. १८१३ च्या सनदेनें साऱ्या हिंदुस्थानच्या शिक्षणाकरितां वर्षाला एक लाख रुपये राखून ठेविले होते. हातीं एकच घागर असली म्हणजे सारें शेत भिजत नाहीं. एखादाच वाफा शिंपावा, हें ओघानेंच येतें. आक्षेप आहे तो पुढच्या कारभारावर. पाणी वाढलें, विहिरी वाढल्या, तरी पाटाचें तोंड त्याच वाफ्याकडे राहिलें.

हें सर्वांना मान्य होतें असें मात्र नाहीं. १८४० सालीं मुंबईंत शिक्षणमंडळ स्थापन झालें, व १८४३ सालीं सर अर्स्किन पेरी त्याचे अध्यक्ष झाले. सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या इंग्रजी शिक्षणाकडे लावावा, असा पेरींचा आग्रह. मराठी पाठ्यपुस्तकांसाठीं पूर्वीं खपलेले जर्व्हिस हे मंडळांत त्यांच्या विरुद्ध उभे राहिले, आणि जगन्नाथ शंकरशेट यांनीं १८४७ सालीं आपलें मत लेखी नोंदविलें कीं, बहुजनसमाजापर्यंत ज्ञान पोंचावयाचें तर तें देशी भाषेंतूनच पोंचेल. हे शंकरशेट कांहीं इंग्रजीचे वैरी नव्हते. एल्फिन्स्टनच्या नांवानें जी संस्था मुंबईकरांनीं दोन लाखांवर रुपये जमवून उभारली, तिच्या आधारस्तंभांपैकीं ते एक होते. इंग्रजीचा लाभ व इंग्रजीची मक्तेदारी या दोन गोष्टींतील भेद त्यांना दिसत होता, एवढेंच. तो भेद पुढें कारभारांत टिकला नाहीं.

१८५४ सालच्या वुड यांच्या खलित्यानें सामान्य जनतेच्या शिक्षणाची हयगय झाल्याचें कबूल केलें. या खलित्याची शाई पुरती वाळली नसेल, तोंच १८५६ सालीं धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलानें प्रवेश मागितला. धारवाड त्या वेळीं मुंबई इलाख्यांत होतें. मुलाला प्रवेश मिळाला नाहीं, तेव्हां त्यानें सरकारकडे अर्ज केला. सरकारनें त्याच्या बाजूस न्याय आहे हें मान्य केलें. पण एका मुलासाठीं बाकीचे सारे विद्यार्थी शाळा सोडून जातील, सबब हस्तक्षेप करतां येत नाहीं, असें उत्तर दिलें. १८५८ सालीं कंपनीच्या संचालकांनीं सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्याचें बजावलें खरें. परंतु शाळेचें दार कागदावर उघडणें निराळें आणि त्या दारांतून मुलानें आंत जाऊन बसणें निराळें.

१८५७ सालीं मुंबई विद्यापीठ निघालें. १८६२ सालीं रानडे, भांडारकर, मोडक व वागळे हे त्याचे पहिले पदवीधर झाले. त्यांच्या विद्वत्तेचा महाराष्ट्राला अभिमान आहे व तो असावा. पण याच काळांत शिक्षणाच्या दोन शिड्या कायमच्या झाल्या. एक इंग्रजी शाळेची. ती मॅट्रिकवरून महाविद्यालयांत व तेथून कचेरींत, कोर्टांत, कौन्सिलांत चढत जाई. दुसरी मराठी शाळेची. ती व्हर्नाक्युलर फायनलपाशीं संपे. चौथी झाल्यावर ज्याच्या बापापाशीं फीला व शहरांतील बिऱ्हाडाला पैसे असत, तो मुलगा ‘इंग्रजी पहिली’ला जाई. ज्याच्या बापापाशीं ते नसत, तो मागें राही. दहाव्या-अकराव्या वर्षीं मुलाचा जन्म ठरून जाई, आणि तो ठरविणारी परीक्षा बापाच्या कनवटीची असे.

माझे आजोबा या दुसऱ्या शिडीचे. फायनलला ते केंद्रांत पहिले आले, आणि त्यांनीं आयुष्यभर एका खेड्यांत मास्तरकी केली. मोडी व बाळबोध अक्षर मोत्यासारखें, हिशेब तोंडीं, आणि निम्मी ज्ञानेश्वरी पाठ. पण गांवांत तार आली कीं ती वाचून घेण्यासाठीं त्यांना स्टेशनावरील बाबूकडे जावें लागे. तो बाबू मॅट्रिक नापास होता. तरी आजोबा त्याच्यासमोर उभे राहत आणि तो खुर्चीवरून उठत नसे. हें सांगतांना आजोबांच्या बोलण्यांत कडवटपणा नसे. ‘तो इंग्रजी शिकलेला होता ना,’ एवढेंच ते म्हणत. हा कमीपणा त्यांना स्वतःलाच न्याय्य वाटत होता, हें मला फार उशिरां उमगलें, आणि त्याचेंच मला अधिक वाईट वाटतें.

या व्यवस्थेचा हिशेब चुकता मांडला तो जोतीराव फुले यांनीं. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें त्यांनीं निवेदन ठेविलें. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामांतून येतो; तो खर्च होतो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर; आणि हे शिकलेले लोक आपली विद्या खालीं झिरपूं देत नाहींत, ती आपली खासगी मालमत्ता मानून जपतात, असा त्यांचा मुद्दा होता. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, ही त्यांची मागणी. त्या मागणीला कायद्याचें रूप देण्याचा यत्न गोखल्यांनीं १९११ सालीं केला. पुढच्या वर्षीं त्यांचें विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनीं पडलें. मात्र बडोद्यास सयाजीरावांनीं १९०६ सालीं राज्यभर, व कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१७ सालीं, सक्तीचें शिक्षण आणलें. १९१९ सालीं भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्था काढली, आणि गरिबांचीं मुलें श्रम करून शिकूं लागलीं. फुले स्वतः, शाहू, सयाजीराव, भाऊराव, यांतील कोणीही झिरपण्याची वाट पाहत बसला नाहीं. जेथें जेथें विद्या खालीं पोंचली, तेथें कोणीं तरी कुदळ घेऊन पाट खणला होता.

स्वातंत्र्यानंतर शिड्यांचीं नांवें बदलली. १९६६ सालीं कोठारी आयोगानें सर्वांसाठीं समान शाळेची शिफारस केली. ती कागदावर राहिली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें विनाअनुदानित खासगी शाळांच्या पहिल्या वर्गांत २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांस दिल्या. २०२४ च्या फेब्रुवारींत महाराष्ट्र सरकारनें नियम बदलून, एक किलोमीटरच्या आंत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला यांतून सूट दिली; त्याच वर्षीं जुलैंत मुंबई उच्च न्यायालयानें ही दुरुस्ती रद्द ठरविली. या वादांत कित्येक सुशिक्षित घरांतून एक प्रश्न ऐकूं आला: असलीं मुलें आमच्या मुलांच्या शेजारीं बसलीं तर शाळेचा दर्जा राहील काय? धारवाडच्या मुलाला १८५६ सालीं मिळालेलें उत्तर याहून फारसें निराळें नव्हतें.

हा लेख वाचणारीं बहुतेक घरें, माझ्या घरासह, आज पहिल्या शिडीवर आहेत. माझा मुलगा इंग्रजी शाळेंतच शिकला, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. आपल्या मुलाचें हित पाहणें हा गुन्हा नव्हे. पण त्याची जागा ज्या पाटाच्या पाण्यावर उगवली, तो पाट कोणाच्या पैशानें खणला व कोणाच्या शेतावरून वळविला, हें त्याला सांगणें आपलें काम आहे. एरवीं तो स्टेशनावरील बाबूसारखा खुर्चीवर बसून राहील, आणि समोर उभा असलेला मनुष्य आपल्याहून अधिक शिकलेला असूं शकेल, ही शंकाही त्याला येणार नाहीं.