कृपा, विश्वास आणि पुनरुत्थान : भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात ख्रिस्ती उपदेशाच्या मराठी परिभाषेचा अभ्यास

बीजसंज्ञा : कृपा, विश्वास, पुनरुत्थान, भोर संस्थान, नवस, पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक.

प्रस्तावना

ख्रिस्ती धर्मशिकवणुकीचा गाभा तीन संकल्पनांत सामावलेला आहे. देवाची कृपा, मनुष्याचा विश्वास आणि मृतांच्या पुनरुत्थानाची आशा या त्या तीन संकल्पना होत. मनुष्य आपल्या पुण्याईने तरत नाही, देवाने विनामूल्य दिलेल्या कृपेने तरतो. ही कृपा तो विश्वासाने स्वीकारतो. आणि ख्रिस्त मेलेल्यांतून उठला म्हणून त्याच्या अनुयायांनाही उठण्याची आशा आहे, असा हा विचारक्रम आहे. पौलाच्या रोमकरांस, इफिसकरांस व करिंथकरांस लिहिलेल्या पत्रांत त्याची मांडणी आढळते. परंतु कोणतीही शिकवण नव्या प्रदेशात जाते तेव्हा तिला तेथील भाषेत अगोदरच अर्थाने भारलेले शब्द वापरावे लागतात. प्रस्तुत निबंधात भोर व वेल्हे हा मावळी मुलूख डोळ्यांसमोर ठेवून या तीन शब्दांचा विचार वर्णनात्मक व तौलनिक पद्धतीने केला आहे.

भोर संस्थान आणि खेड्यांतील मिशन

भोर हे पंत सचिवांचे संस्थान. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ व सुधागड असे त्याचे पाच तालुके होते. प्रचंडगड म्हणजे तोरणा. वेल्हे हे गाव त्याच्याच पायथ्याशी वसलेले आहे. मार्च १९४८ मध्ये हे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

१८९३ मध्ये चार्ल्स रीव्ह यांनी पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन स्थापन केले. नावाप्रमाणेच शहराऐवजी खेडे हे त्याचे कार्यक्षेत्र होते. कोणत्याही एका पंथाशी ते बांधलेले नव्हते. भोर संस्थानातील नसरापूर व वारकऱ्यांचे पंढरपूर ही त्याची महत्त्वाची केंद्रे होती. १९६८ मध्ये हे मिशन दुसऱ्या एका मिशनशी एकत्र येऊन इंटरनॅशनल ख्रिश्चन फेलोशिप ही संस्था निर्माण झाली.

मिशनचा आरंभकाळ लक्षात घेण्याजोगा आहे. १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ आणि १८९६ च्या अखेरीस पुण्यात शिरलेला प्लेग यांनी हे दशक ग्रासले होते. मृत्यू घरोघरी येत असताना मृतांच्या आशेचा उपदेश ऐकणे ही केवळ तात्त्विक बाब राहत नाही. मात्र त्याच काळाने एक अडचणही निर्माण केली. मिशनऱ्यांच्या ज्या हातात शुभवर्तमान होते त्याच हातात औषध व धान्यही होते. कृपा विनामूल्य आहे असे सांगणारा उपदेशक प्रत्यक्षात दाता म्हणून समोर उभा राही, आणि घेणाऱ्यावर उपकाराचे ओझे पडे. देवाची कृपा आणि माणसाचा उपकार यांतील भेद स्पष्ट राखणे ही या कार्याची खरी कसोटी होती.

कृपा आणि नवस

हिंदी बायबलमध्ये या संकल्पनेसाठी 'अनुग्रह' हा शब्द रूढ आहे. मराठीत 'कृपा' हा शब्द स्थिर झाला. मराठीत अनुग्रह म्हटले की गुरूने शिष्याला दिलेला मंत्रोपदेश प्रथम आठवतो. 'कृपा' हा शब्द अधिक व्यापक असून संतवाङ्मयाने तो घरोघरी पोहोचविला होता. विठ्ठल भक्ताची योग्यता न पाहता धावून येतो, ही भावना वारकरी परंपरेत खोल रुजलेली आहे. म्हणून देवाची कृपा ही कल्पना मावळातील श्रोत्यास परकी नव्हती.

त्याच श्रोत्याच्या जीवनात मात्र नवसाचेही स्थान मोठे होते. भोरजवळच्या डोंगरावरील मांढरदेवीच्या काळूबाईला नवस बोलणे व तो फेडणे ही या परिसराची जुनी रीत आहे. नवसात देव आणि भक्त यांच्यात एक प्रकारचा करार असतो आणि तो न फेडल्यास कोप होईल असे भय असते. ख्रिस्ती कृपेच्या कल्पनेत या कराराला जागा नाही, कारण फेडण्यासारखे काही मनुष्यापाशी नसते असे ती मानते. ज्याच्यापाशी कोंबडे वा नारळ घेण्याचीही ऐपत नाही, त्याच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हता. तथापि नवस फेडणारा भक्त केवळ व्यवहार करतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. नवसात कृतज्ञताही असते, आणि ख्रिस्ती मंडळीतही देवाशी सौदा करणारी प्रार्थना अनोळखी नाही.

विश्वास : भावार्थ ते भरवसा

मराठीत या शिकवणुकीसाठी शब्द शोधण्याचे काम बरेच जुने आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. त्यात त्यांनी भक्तिपरंपरेचे शब्द मोकळेपणाने स्वीकारले. स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्दही त्यांनी वापरला. श्रद्धावंतांसाठी आलेल्या 'भावार्थी' या शब्दाचा वारसा कोकणी ख्रिस्ती बोलीतील 'भावार्थ' या शब्दात टिकून आहे. घाटावरील मराठी ख्रिस्ती समाजात मात्र 'विश्वास' हा शब्द रूढ झाला. खेड्यात विश्वास हा प्रथम माणसामाणसांतील शब्द आहे. सावकार कोणावर विश्वास ठेवतो आणि शेजारी कोणाच्या भरवशावर घर सोडून जातो, हे सर्वांस ठाऊक असते. त्यामुळे मत मान्य करणे एवढाच अर्थ न राहता कोणावर तरी भार टाकणे हा अर्थ या शब्दात आपोआप येतो.

या भेदाचे ठळक उदाहरण पुणे जिल्ह्याच्याच पूर्व भागात, केडगाव येथे आढळते. पंडिता रमाबाईंचे बालपण पुराणे सांगत तीर्थयात्रा करण्यात गेले. दुष्काळात त्यांनी आई, वडील व थोरली बहीण गमावली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात त्यांनी नमूद केले आहे की, त्या वेळी आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला तरी ख्रिस्ताची प्राप्ती झाली नव्हती. ती पुढे अनेक वर्षांनी, आपल्या पात्रतेचा विचार सोडून दिल्यावर झाली. धर्मांतर आणि विश्वास या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्यांच्या साक्षीचे सार होय. जनगणनेतील आकड्यांवरून मिशनचे यश मोजणाऱ्या इतिहासकारानेही ते ध्यानी घेणे आवश्यक आहे.

पुनरुत्थानाची आशा

'कृपा' व 'विश्वास' हे शब्द प्रचलित होते. 'पुनरुत्थान' या शब्दास मात्र नवा अर्थ द्यावा लागला. त्याच्या शेजारी 'पुनर्जन्म' हा शब्द उभा होता आणि दोहोंत गल्लत होणे सहज शक्य होते. पुनर्जन्मात जीव कर्मानुसार दुसरे शरीर धारण करतो. पुनरुत्थानात तीच व्यक्ती, त्याच ओळखीसह, देवाच्या सामर्थ्याने उठविली जाते. शरीर टाकून देण्याचे वस्त्र नाही, त्याचेही रूपांतर व्हावयाचे आहे, असे करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय सांगतो.

पुणे जिल्ह्यातील श्रोत्याला आळंदीची संजीवन समाधीही ठाऊक होती. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी स्वेच्छेने समाधी घेतली आणि ते तेथे नित्य आहेत, ही वारकऱ्यांची श्रद्धा आहे. मृत्यू अंतिम नाही ही जाणीव दोन्हीकडे आहे. परंतु समाधी ही सिद्ध पुरुषाची अवस्था आहे, तर ख्रिस्ताचे मरण हे गुन्हेगारास दिलेले मरण होते आणि त्याच्या उठण्यातील वाटा सामान्य विश्वासणाऱ्यालाही मिळतो असे मानले जाते. 'उत्थान' या शब्दाने मात्र एक अनुकूल छटा पुरविली. देवोत्थानी एकादशीस देव निद्रेतून उठतो. नव्या करारातही मृत्यूला निद्रा म्हटले आहे.

परंपरेचे शब्द किती घ्यावेत याविषयी मराठी ख्रिस्ती विचारवंतांत एकमत नव्हते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत आणि अभंगातून ख्रिस्तभक्ती गात. रमाबाईंनी मात्र मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे भाषांतर करताना साध्यासुध्या स्त्रियांना कळेल अशी मराठी निवडली आणि हिंदू उपासनेशी निगडित शब्दांविषयी सावधगिरी बाळगली. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. टिळकांना शिकवण परकी वाटण्याची चिंता होती, रमाबाईंना ती जुन्या अर्थात विरघळून जाण्याची.

निष्कर्ष

१. 'कृपा' या शब्दाला भक्तिपरंपरेची पार्श्वभूमी लाभली. परंतु नवसाच्या व्यवहारापासून आणि मिशनच्या उपकारापासून तिचे वेगळेपण सतत स्पष्ट करावे लागले.

२. 'विश्वास' हा लोकव्यवहारातील शब्द असल्याने भरवशाचा अर्थ त्यातून सहज व्यक्त झाला.

३. 'पुनरुत्थान' ही तिन्हींतील सर्वांत नवी संकल्पना होय. तिने देहाला व व्यक्तीच्या ओळखीला मृत्यूपलीकडे मूल्य दिले.

४. टिळक व रमाबाई यांचे मार्ग परस्परविरोधी भासले तरी परस्परपूरक आहेत. पहिल्याने शिकवणीला मराठी मनात प्रवेश मिळवून दिला, दुसऱ्याने तिचे वेगळेपण जपले.

भोर-वेल्ह्यासारख्या डोंगरी मुलखातील धार्मिक इतिहास गडकिल्ले व संस्थानिकांच्या इतिहासाइतकाच अभ्यासयोग्य आहे. दुष्काळ व प्लेगच्या वर्षांत आपला माणूस पुन्हा भेटेल काय, हा प्रश्न येथील प्रत्येक घरापुढे होता. उत्तरे वेगळी असली तरी ती मांडण्याची भाषा एकच होती.