तसबिरीतला मऊ उजेड

आपल्या अनेक घरांत आजी-आजोबांच्या लग्नाची कृष्णधवल तसबीर भिंतीवर असते. त्या चेहऱ्यांभोवती पसरलेला धुक्यासारखा मऊ उजेड आला कोठून?

मुंबईत १८५४ साली छायाचित्रणसंस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी एक. त्या काळी रेखीवपणा हाच छायाचित्राचा गुण मानला जाई. कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी १८६४ पासून इंग्लंडमध्ये मुद्दाम धूसर व्यक्तिचित्रे काढली, तेव्हा टीकाकारांना तो दोषच वाटला. पुढे तोच दोष अलंकार ठरला. बॅलार्ड इस्टेटमध्ये १९२८ साली सुरू झालेल्या हॅमिल्टन स्टुडिओसारख्या ठिकाणी बैठकीचे व्यक्तिचित्र ही एक स्वतंत्र कलाच झाली.

या मऊपणाचे मर्म असे, की खाली रेखीव प्रतिमा असते आणि तिच्यावर धूसर प्रतिमेची साय. काही खास भिंगे हे काम स्वतःच करीत. ती नसतील तेथे भिंगापुढे रेशमी जाळी धरीत किंवा काचेच्या कडांना व्हॅसलिन लावीत. शिवाय निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिल फिरवून सुरकुत्या पुसल्या जात आणि देवीचे वणही.

आज हेच काम संगणकावर होते. फोटोशॉप १९९० साली आले आणि १९९४ मध्ये त्यात थरांची सोय झाली. जुनी तसबीर स्कॅन करावी, तिचा दुसरा थर करून तो ‘गॉसियन ब्लर’ने धूसर करावा आणि त्याची अपारदर्शकता निम्म्यावर किंवा त्याहून खाली आणावी. मग डोळे व ओठ यांवरचा धूसर थर मास्कने झाकावा. डोळे रेखीव राहिले नाहीत, तर चेहरा निर्जीव दिसतो.

पण हात जरा आवरावा. भारतातील देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली आढळला. आजीच्या गालावरचे वण म्हणजे त्या साथीतून ती वाचल्याची साक्ष. पेन्सिलीने जे पुसले ते परत येणार नाही. संगणकाने मात्र आपल्याला मूळ प्रत जपण्याची मुभा दिली आहे. तेव्हा सुशोभित प्रत भिंतीवर खुशाल लावावी. पण मूळ स्कॅन न बदलता वेगळे ठेवावे आणि त्यासोबत नावे व साल लिहून ठेवावे. नातवंडांना आजी सुंदर दिसावी, तशीच ती खरीही भेटावी.