घट्ट पायजमा

आपाने अमेरिकेहून धाकट्यासाठी रात्री घालायचे सुती कपडे पाठवले. सोबत पिवळी चिठ्ठी लटकत होती: कपडा अंगाला घट्ट बसावा, तो आगरोधक नाही, सैल असेल तर पेट घेण्याची शक्यता अधिक. ती वाचून दाखवली तेव्हा अम्मीने विचारले, "आगरोधक नाही, तर विकतात कशाला?"

प्रश्न रास्त आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन सरकारने नियम केला की मुलांच्या झोपण्याच्या कपड्यांनी सहज पेट घेता कामा नये. हेतू चांगलाच होता, मुले भाजत होती. पण साधे सुती कापड त्या परीक्षेत टिकेना. मग पॉलिस्टरवर 'ट्रिस' नावाचे ब्रोमीनयुक्त रसायन चढवले जाऊ लागले. जानेवारी १९७७ मध्ये आर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स यांनी 'सायन्स' नियतकालिकात दाखवून दिले, की हे रसायन पेशींतील जनुकांत बिघाड घडवते. एप्रिलमध्ये त्या कपड्यांवर बंदी आली. पुढच्या वर्षी असे कपडे घातलेल्या मुलांच्या लघवीतही त्याचा अंश सापडला. म्हणजे रसायन कापडावरून थेट शरीरात जात होते. न खपलेला माल मात्र परदेशी रवाना होत राहिला. ती वाट १९७८ मध्ये बंद झाली. आपल्या मुलांसाठी जे विष, ते दुसऱ्यांच्या मुलांना चालते, हा हिशेब मला त्या रसायनाहून भयंकर वाटतो.

ब्रोमीन गेले, त्याच्या जागी क्लोरीनवाले भावंड आले. तेही तसेच निघाले. मुलांच्या कपड्यांतून ते हटले, पण सोफ्याच्या फोममध्ये अनेक वर्षे राहिले. कॅलिफोर्नियाच्या १९७५च्या नियमाप्रमाणे फोमला थेट ज्योत लावून पाहत. खरे तर सिगारेटची ठिणगी आधी पडते वरच्या कापडावर. २०१३च्या नव्या नियमात धुमसण्याची परीक्षा आली. कापड नीट निवडले किंवा मध्ये न धुमसणारा थर घातला, तर रसायनावाचून काम भागते.

मुलांच्या कपड्यांचा तोडगा तर शिंप्याच्या कात्रीतच होता. अंगालगतच्या कपड्याचा घोळ चुलीकडे किंवा मेणबत्तीकडे जात नाही आणि आत हवा कमी राहिल्याने आग भराभर पसरत नाही. म्हणून १९९६ मध्ये तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने ठरावीक मापाच्या घट्ट कपड्यांना त्या परीक्षेतून सूट दिली. सुती कापड पुन्हा आले, कसलेही रसायन न लावता.

फक्त आपाने आपल्या रिवाजाप्रमाणे दोन मापे मोठा, वाढत्या अंगाचा पायजमा पाठवला आहे. तो तूर्त कपाटात ठेवला आहे.