अंडाशयाच्या कर्करोगातील एक मूक जनुक

कर्करोगाच्या कारणमीमांसेत 1971 हे वर्ष महत्त्वाचे होय. दृष्टिपटलाच्या अर्बुदाचा अभ्यास करून आल्फ्रेड नुडसन यांनी त्या वर्षी ‘दोन आघातां’चा सिद्धांत मांडला. पेशीत प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक मातेकडून आलेली व एक पित्याकडून आलेली. अर्बुदाला आवर घालणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या, तरच रोग संभवतो, असे त्याचे सार होते. आघात म्हणजे जनुकाच्या रचनेतच झालेला बिघाड, हे या विचारात गृहीत होते.

या गृहीताला छेद देणारा विचारप्रवाह स्वतंत्रपणे वाढत होता. कॉनराड वॉडिंग्टन यांनी 1942 साली ‘एपिजेनेटिक्स’ ही संज्ञा योजिली. पुढे 1975 साली हॉलिडे व प्यू, तसेच रिग्ज यांनी असे सुचविले की, डीएनएवर चढणारे मिथिल गट मूळ अक्षरक्रम न बदलता जनुकाचे कार्य थांबवू शकतात, आणि ही स्थिती पेशीच्या वंशजांकडे उतरते. काही जनुकांवर मातेचा वा पित्याचा ठसा असून त्यांची एकच प्रत कार्य करते, हे 1984 साली उंदरांच्या भ्रूणांवरील प्रयोगांतून सूचित झाले.

हे दोन प्रवाह अंडाशयाच्या कर्करोगात एकत्र आले. ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन केंद्रात यिनहुआ यू, रॉबर्ट बास्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली एका नव्या जनुकाचे वर्णन प्रसिद्ध केले. ते ‘एआरएचआय’ व पुढे ‘डायरस-3’ या नावाने ओळखले गेले. पहिल्या गुणसूत्रावरील या जनुकाची मातेकडून आलेली प्रत जन्मतःच मूक असते. निरोगी पेशीत कार्य करते ती पित्याची प्रत. सबब येथे एकच आघात पुरेसा ठरतो. अंडाशय व स्तन यांच्या तपासलेल्या अर्बुदांपैकी 41 टक्क्यांत एक प्रत हरवलेली आढळली, आणि त्यांतील बहुतेकांत हरवली होती ती कार्यक्षम प्रतच. ज्या अर्बुदांत ती शाबूत राहते, त्यांपैकी काहींत मिथिलीकरणाने तीही मूक होते, हे 2008 सालच्या अभ्यासांत दिसून आले.

या मौनाचा परिणाम पेशीच्या संदेशवहनावर होतो. ‘डायरस-3’ हे रास-कुलातील प्रथिन असूनही ते आपल्याच कुलबंधूंना आवर घालते. रास प्रथिने पेशीपटलावर समूहाने राहून विभाजनाचा संदेश आत पाठवितात. ‘डायरस-3’ त्यांना प्रत्यक्ष बिलगून ते समूह मोडते, असे 2019 साली सिद्ध झाले. अर्थात ते मूक झाले की विभाजनाच्या संदेशावरील एक बंधन सुटते.

अक्षरे शाबूत असतील तर मौन मोडता येईल, ही आशा येथूनच उत्पन्न झाली. तथापि पुढील इतिहास सरळ नाही. 2008 सालच्या प्रयोगांत हे जनुक पुन्हा कार्यान्वित केले असता संवर्धनातील कर्कपेशी मेल्या. उंदरांत रोवलेल्या त्याच पेशी मात्र केवळ सुप्त झाल्या, आणि जनुक थांबविताच पुन्हा वाढू लागल्या. मिथिलीकरण उतरविणाऱ्या डेसिटाबीन या औषधाचाही अनुभव असाच दुहेरी आहे. प्लॅटिनमयुक्त औषधांना दाद न देणाऱ्या 17 रुग्णांना 2012 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते अल्प मात्रेत कार्बोप्लॅटिनसह दिले असता 35 टक्के रुग्णांत अर्बुद आकसले. याउलट, निराळ्या मात्रेने केलेल्या व 2014 साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत या जोडीचा लाभ दिसला नाही.

या इतिहासाने नुडसन यांचा सिद्धांत बाद होत नाही. उलट ‘आघात’ या शब्दाचा अर्थ विस्तारतो. जनुक नष्ट होणे आणि जनुक मूक होणे यांत परिणामाचा भेद नसला, तरी उपायाच्या शक्यतेचा भेद आहे. मात्र मूक जनुक बोलते करणे म्हणजे रोग बरा करणे नव्हे, हेही याच जनुकाच्या इतिहासाने दाखविले आहे.