दूरस्थ नेतृत्व : नांदेड-लातूरमधील अनुभव

दूरस्थ नेतृत्व : गावोगावी किंवा शहरोशहरी विखुरलेल्या माणसांकडून एकाच उद्दिष्टासाठी काम करवून घेण्याची पद्धत. आपण काय करायचे आणि ते कोणाला विचारून करायचे, हे प्रत्येकाला नेमके ठाऊक असणे ही तिची पहिली कसोटी. तिला स्पष्टता म्हणतात. प्रत्येकाने आपापल्या जागी घेतलेले निर्णय एकमेकांना पूरक ठरणे ही दुसरी, ती एकवाक्यता. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर ही संज्ञा मुख्यतः घरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या संदर्भात रूढ झाली. मात्र महसूल, टपाल, रेल्वे यांसारखी खाती फार पूर्वीपासून याच रीतीने चालत आली आहेत. मराठवाड्यात या पद्धतीची कसोटी लढा, भूकंप आणि दुष्काळ अशा तीन वेगवेगळ्या प्रसंगी लागली.

सरहद्दीवरील कॅम्प (१९४७-४८) : निजामाचे हैदराबाद संस्थान भारतात विलीन व्हावे यासाठी हैदराबाद स्टेट काँग्रेसने लढा पुकारला. तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना १५ ऑगस्ट १९४७ रोजी अटक झाली. बाहेरील सूत्रे दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीकडे आली. संस्थानाला लागून असलेल्या भारतीय मुलखात ठिकठिकाणी सशस्त्र कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले. नांदेड जिल्ह्यातील कामासाठी यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडचा कॅम्प महत्त्वाचा होता. रोजच्या रोज वरून हुकूम येण्याची सोय नव्हती. त्यामुळे उद्दिष्ट वरून ठरे. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या ठाण्यावर किंवा करोडगिरीच्या नाक्यावर कधी जायचे, कोणाला बरोबर घ्यायचे, हे कॅम्पप्रमुख ठरवत. जानेवारी १९४८ मध्ये नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेचा खजिना कार्यकर्त्यांनी लढ्यासाठी ताब्यात घेतला, तो याच व्यवस्थेतून. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली आणि हा लढा संपला. जाण्यायेण्याच्या वाटा बंद असताना स्थानिक प्रमुखाला निर्णयाची मोकळीक द्यावीच लागते, एवढे या पर्वातून दिसते.

किल्लारी भूकंप आणि पुनर्वसन (१९९३-९८) : ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. औसा तालुक्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर हा परिसर सर्वाधिक उद्ध्वस्त झाला. मृतांची संख्या वेगवेगळ्या नोंदींनुसार सुमारे ८,००० ते १०,००० आहे. त्या वेळी शरद पवार मुख्यमंत्री, तर प्रवीणसिंह परदेशी लातूरचे जिल्हाधिकारी होते.

जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ मध्ये महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम हाती घेण्यात आला. मुंबईतील प्रकल्प व्यवस्थापन कक्ष धोरण आणि पैसा सांभाळत असे. अंमलबजावणी पाचशे किलोमीटरवरच्या गावांत, जिल्हा प्रशासन आणि अभियंत्यांमार्फत होई. जोडीला देणगीदार संस्था, ठेकेदार, स्वयंसेवी संस्था आणि लक्षावधी घरमालक होते. एवढ्या विस्तारात गोंधळ टाळण्यासाठी गावांची तीन गटांत विभागणी केली गेली. ‘अ’ गटातील ५२ गावे नव्या जागी हलवायची, ‘ब’ गटातील २२ गावे जुन्याच जागी नव्याने बांधायची आणि ‘क’ गटातील सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करायचे, असे ठरले. ‘क’ गट १३ जिल्ह्यांत पसरला होता. ‘अ’ गटातील घराचे क्षेत्रही जमीनधारणेवरून ठरवले गेले : भूमिहीन आणि अत्यल्प जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, ७ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना ४०० आणि त्याहून मोठ्या खातेदारांना ७५० चौरस फूट. हे निकष सातबाऱ्यावरून पडताळता येण्याजोगे होते. त्यामुळे मुंबईतील सचिव, जागेवरचा अभियंता आणि गावचा शेतकरी या तिघांनाही एका प्रश्नाचे एकच उत्तर देता येई. स्पष्टतेच्या दृष्टीने ही या कार्यक्रमाची मोठी जमेची बाजू होय.

खरी अडचण ‘क’ गटात होती. येथे घरमालकच आपले घर दुरुस्त करणार होता आणि मदत कामाच्या टप्प्यांप्रमाणे हप्त्यांनी मिळणार होती. कोणत्या टप्प्याला कोणता हप्ता, मोजमाप कोण घेणार, नाव यादीत नसेल तर जायचे कोणाकडे, हे तालुक्याच्या कचेरीत ठाऊक असे, गावात नसे. ही दरी भरण्यासाठी शासनाने स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेची मदत घेतली. प्रेमा गोपालन या संस्थेच्या संस्थापक. गावातील महिला मंडळांमधून ‘संवाद सहायक’ निवडल्या गेल्या आणि हजाराहून अधिक गावांत हे जाळे विणले गेले. ‘अ’ व ‘ब’ गटांतील लोकसहभागाचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते.

संवाद सहायकाचे काम दुहेरी असे. अभियंता आला की ती त्याच्याबरोबर घरोघर फिरे, त्याने सांगितलेले बाईमाणसांना पुन्हा समजावून सांगे आणि ग्रामसभेत यादी वाचून दाखवे. उलट दिशेने, अडकलेला हप्ता, न आलेला अभियंता, यादीतून सुटलेली विधवा किंवा वेगळी राहणारी सून अशा तक्रारी ती तालुक्याच्या बैठकीत मांडे. घर सांभाळणारी बाईच बहुधा दुपारी घरी असते आणि सरकारी माणूस दुपारीच येतो. म्हणून हे काम गावातल्या बायकांकडे देण्याचा निर्णय व्यवहाराला धरून होता. पुढे २००१ च्या कच्छ भूकंपानंतर मराठवाड्यातील या महिलांनी गुजरातेत जाऊन तेथील महिलांना आपला अनुभव सांगितला.

समजणे आणि पटणे : या भागातील जुनी घरे माळवदाची. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा जड थर. भिंतीचे आतले व बाहेरचे थर एकमेकांत गुंतलेले नसल्याने हादऱ्याने ते सुटे झाले आणि वरची माती अंगावर आली. भिंतीत आरपार दगड बसवा, माळवदावरची माती कमी करा, तुळया आणि खांब यांना आडवेतिडवे आधार द्या, असे अभियंते सांगत. सल्ला शास्त्रशुद्ध होता, गावकऱ्यांना तो समजलाही होता. पण ज्या दगडी भिंतींनी घरातली माणसे नेली त्याच भिंतींत पुन्हा झोपायला लोक तयार नव्हते. अनेकांनी मिळालेल्या पैशातून जुन्या घराशेजारी विटा-सिमेंटची नवी खोली बांधली. यंत्रणेनेही अखेर ते मान्य केले. संदेश शेवटच्या घरापर्यंत पोचला तरी सहमती आपोआप पोचत नाही, याचे हे ठळक उदाहरण आहे.

‘अ’ गटात उलटा अनुभव आला. नव्या वसाहतींचे आराखडे रुंद सरळ रस्त्यांचे आणि चौकटीचे होते. गावठाणाचे क्षेत्र जुन्या गावाच्या कितीतरी पट वाढले. घरे उभी राहिली. मात्र जनावरांचा गोठा, कडब्याची गंज, औतफाटा यांना जागा अपुरी पडली, शेत लांब गेले आणि गल्लीतली भावकी पांगली. पुनर्वसनाच्या अभ्यासकांनी या आराखड्यांवर सातत्याने टीका केली आहे.

जलदूत (२०१६) : सलग अवर्षणामुळे मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहराचा पाणीपुरवठा कोलमडला. मार्च २०१६ मध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली. ११ एप्रिलला मिरजेहून ‘जलदूत’ ही पाण्याची पहिली रेल्वेगाडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सुमारे ३४० किलोमीटरवरील लातुरात पोचली. तिला १० वाघिणी होत्या. प्रत्येकीत सुमारे ५०,००० लिटर पाणी. काही दिवसांतच ५० वाघिणींची, म्हणजे सुमारे २५ लाख लिटर पाण्याची गाडी सुरू झाली. वाघिणी राजस्थानातील कोटा येथे धुऊन आल्या, मिरज मध्य रेल्वेच्या पुणे विभागात, लातूर सोलापूर विभागात. पाणी कृष्णेचे, भरण्याची जबाबदारी सांगलीकडची आणि वाटप लातूर महापालिकेचे. यातील कोणीही दुसऱ्याच्या हाताखाली नव्हता. स्थानकाजवळच्या मोठ्या विहिरीत पाणी उतरवून ते शुद्धीकरणाकडे नेले जाई व नंतर टँकरने वाटले जाई. गाडी रिकामी होण्याची वेळ चुकली तर मिरजेचे भरणे लांबे. म्हणून सर्वांचे लक्ष प्रत्येक खात्याच्या स्वतंत्र कामगिरीपेक्षा एक फेरी पूर्ण होण्यावर ठेवावे लागले.

आजचा संदर्भ : नांदेड-लातूरची बरीच तरुण मंडळी पुणे आणि हैदराबाद येथील कंपन्यांत नोकरी करतात, त्यांपैकी काही जण टाळेबंदीपासून गावी राहून काम करतात. त्यांच्या अडचणी साध्या असतात. ऐन बैठकीत वीज जाते, निर्णय कार्यालयातल्या चहाच्या टपरीवर होतो आणि गावच्या माणसाला तो आठवड्याने कळतो. यावर उपाय म्हणून जाणते प्रमुख निर्णय त्याच दिवशी लिहून सर्वांना पाठवतात, प्रत्येक कामापुढे एकाच व्यक्तीचे नाव घालतात आणि कोणता निर्णय विचारल्याशिवाय घेता येईल याची मर्यादा आधीच सांगून ठेवतात. रोज दोन-दोन तासांच्या बैठका घेणे किंवा माणूस संगणकापुढे बसला आहे की नाही यावर पाळत ठेवणे, याने विश्वास तेवढा कमी होतो.

मूल्यमापन : वरील उदाहरणांतून तीन गोष्टी निश्चित सांगता येतात. निकष थोडे आणि पडताळण्याजोगे असावेत. वरून खाली जाणाऱ्या सूचनेइतकीच खालून वर येणाऱ्या तक्रारीची वाट मोकळी असावी आणि ती वाट सांभाळणारी व्यक्ती नेमलेली असावी. जागेवरच्या माणसाला काही निर्णय खरोखर सोपवलेले असावेत. किल्लारीत पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी साधल्या. तिसरी ‘क’ गटात उशिरा आणि ‘अ’ गटात फारच थोडी साधली. म्हणून दूरच्या सहकाऱ्यांना नियम समजला का आणि तो पटला का, हे दोन प्रश्न प्रमुखाने वेगवेगळे विचारले पाहिजेत. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आले म्हणून दुसराही सुटला असे समजणे, ही या क्षेत्रातील सर्वांत महागडी चूक ठरते.